आधी वळचण, मग भिंत

पाचगणी वसली ती पावसाच्या हिशोबाने. एकोणिसाव्या शतकात महाबळेश्वर मुंबई इलाख्याचे थंड हवेचे ठाणे झाले खरे, पण जूनचा पाऊस लागला की गोऱ्या अधिकाऱ्यांना तिथून बिऱ्हाड हलवावे लागे. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळणाऱ्या डोंगरमाथ्यावर पावसाळ्यात राहणे म्हणजे शिक्षाच होती. बारा महिने राहता येईल अशी जागा शोधताना जॉन चेसन या इंग्रजाच्या नजरेत पूर्वेकडचा वीसेक किलोमीटरवरचा हा भाग भरला. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांमधली ही जमीन सुमारे तेराशे मीटर उंचीवर आहे. हवा महाबळेश्वरसारखी थंड, पाऊस मात्र त्याच्या निम्म्याहूनही कमी. तरीही ‘कमी’ म्हणजे चार महिने पश्चिमेकडून तिरपी येणारी झड, आठवडा-आठवडा न हटणारे धुके आणि न वाळणाऱ्या भिंती. इथे घर बांधणाऱ्यापुढचा पहिला प्रश्न तेव्हा जो होता तोच आजही आहे: भिंत पावसात टिकवायची कशी?

आज या प्रश्नाचे उत्तर भिंतीवर बाहेरून काहीतरी चढवून दिले जाते. ॲक्रिलिकचा टेक्स्चर पेंट, ॲल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेल, म्हणजे बोलीभाषेतले ‘एसीपी’, लाकडासारखे दिसणारे पीव्हीसीचे पट्टे, फायबर सिमेंटचे बोर्ड, दगडाच्या पातळ टाइल्स, काच. वास्तुरचनाकार आणि ठेकेदार या सगळ्याला मिळून ‘एलिव्हेशन’ म्हणतात. घरमालक विचारी असेल तर तो पुढचा प्रश्न विचारतो: यातले पर्यावरणाला कमी घातक कोणते? प्रश्न चांगल्या मनाने विचारलेला असतो, पण तो फार उशिरा विचारलेला असतो. बाहेरच्या आवरणाची एवढी गरज भिंतीला का पडली, हे आधी विचारायला हवे. तसे विचारले की उत्तर भिंतीत सापडत नाही, छपरात सापडते. आपण घरांच्या वळचणी कापून टाकल्या आणि त्यांचे काम रसायनांवर, धातूंवर आणि प्लॅस्टिकवर सोपवले. बाह्य आवरणाचा पर्यावरणावर पडणारा बोजा हा मुख्यतः या एका चुकीच्या निर्णयाचा बोजा आहे, असे माझे म्हणणे आहे.

जुन्या पाचगणीची भिंत कशी काम करत होती ते पाहू. बंगल्यांच्या आणि शाळांच्या जुन्या बांधणीत जांभ्याचा चिरा, चुन्याने भरलेले सांधे, उंच जोते, चारी बाजूंनी किंवा निदान दोन बाजूंनी व्हरांडा आणि उतरते छप्पर असा मेळ दिसतो. छपरावर आधी गवत किंवा पत्रा असे. 1865 साली बाझल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढल्यानंतर मंगळुरी कौल हळूहळू सगळ्या पश्चिम घाटात पसरले. जांभा सच्छिद्र असतो, पाणी पितो. त्याच्यावर पाऊस थेट मारू द्यायचा नाही, एवढी एकच अट तो घालतो. ती अट छप्पर पाळत होते. पागोळ्या भिंतीपासून दूर पडत, जोत्यामुळे उडालेला चिखल भिंतीपर्यंत पोचत नसे आणि जी ओल तरीही शिरे ती चुन्याच्या सांध्यांतून वाऱ्याबरोबर बाहेर निघून जाई.

गावकऱ्यांची घरे याहून हलकी होती, पण तत्त्व तेच. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर माती आणि शेणाचा गिलावा, वर गवताने शाकारलेले छप्पर. भिंत इतकी नाजूक की छप्पर खाली झुकवल्याशिवाय गत्यंतर नव्हते. आणि पश्चिमेची झड छपराला जुमानत नाही म्हणून पावसाळ्याआधी घराच्या त्या बाजूला गवताच्या झडी बांधल्या जात. डोंगरउतारावरचे गवत, बांबूच्या कामट्या आणि दोरखंड एवढ्यात काम होई. पाऊस सरला की झडी उतरवायच्या आणि कुजलेले गवत शेतात टाकायचे. आपल्या डोंगरातले बाह्य आवरण हे असे होते. ते चार महिन्यांपुरते येई, जिथे लागते तिथेच येई आणि काम झाल्यावर मातीत मिसळून जाई.

शेतात वाकून काम करणाऱ्या बाईच्या डोक्यावरचे इरले आणि अंगाला चिकटणारा प्लॅस्टिकचा रेनकोट यांत जो फरक आहे तोच वळचण आणि भिंतीवर बाहेरून चढवलेले आवरण यांत आहे. इरले पाणी अंगापासून दूर टाकते आणि मधून वारा खेळू देते. रेनकोट पाणी अंगावरच अडवतो आणि आतला घाम आतच कोंडतो. भिंतीलाही घाम असतो. स्वयंपाकाची वाफ, माणसांचा श्वास, न वाळलेले कपडे, जमिनीतून चढणारी ओल. हे सगळे भिंतीतून बाहेर पडू पाहते आणि ॲक्रिलिकचा घट्ट थर त्याला अडवतो. मग रंगाला फुगे येतात, पापुद्रे सुटतात, कोपऱ्यात काळी बुरशी धरते. दोन-चार वर्षांनी पुन्हा खरवडून पुन्हा रंग. खरवडलेला रंग म्हणजे प्लॅस्टिकची भुकटी. ती अंगणातून गटारात, गटारातून ओढ्यात आणि ओढ्यातून कृष्णेच्या खोऱ्यात जाते. पाचगणीच्या कड्याखाली धोम धरणाचा जलाशय आहे, त्याच्या पुढे वाई आहे आणि त्याही पुढे सांगली. डोंगरावरच्या भिंतीचा पापुद्रा डोंगरावर राहत नाही.

आता या आवरणांचा एकेकाचा हिशोब मांडू, कारण तो न मांडता नुसते ‘नैसर्गिक चांगले, कृत्रिम वाईट’ म्हणणे हा आळस आहे.

एसीपी म्हणजे ॲल्युमिनियमचे दोन पातळ पत्रे आणि मध्ये प्लॅस्टिकचा गाभा. चार मिलिमीटर जाडीच्या पॅनेलमध्ये दोन्ही पत्रे अर्धा-अर्धा मिलिमीटरचे धरले तर एका चौरस मीटरला सुमारे 2.7 किलो ॲल्युमिनियम लागते. एखाद्या हॉटेलचा 200 चौरस मीटरचा दर्शनी भाग मढवायचा तर 540 किलो. खनिजापासून एक किलो ॲल्युमिनियम काढायला साधारण पंधरा युनिट वीज खर्च होते. म्हणजे केवळ धातूसाठी आठ हजार युनिट, महिन्याला दीडशे युनिट वापरणाऱ्या कुटुंबाची साडेचार वर्षांची वीज. आपल्या देशात ही वीज मुख्यतः कोळशाची. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवले तर नव्याच्या तुलनेत जवळजवळ 95 टक्के ऊर्जा वाचते हे खरे. पण प्लॅस्टिकच्या गाभ्याला चिकटलेला पत्रा सुटा करणे कठीण आणि महाग. त्यामुळे पुनर्वापराची ही बढाई भंगारवाल्याच्या दारात फोल ठरते.

हे ॲल्युमिनियम कशातून येते? बॉक्साइटमधून. आणि महाराष्ट्रात बॉक्साइट कुठे सापडते? कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी, शाहूवाडी, चंदगड या तालुक्यांतल्या जांभ्याच्या सड्यांवर. पाचगणीचे टेबल लँड ज्या जातीचे पठार आहे त्याच जातीची ही पठारे. एका सड्याच्या पायथ्याशी हॉटेल चकचकीत करायला दुसरा सडा खणला जाऊ शकतो, हे पॅनेल बसवणाऱ्याला कोणी सांगत नाही.

आगीचा विचार तर याहून गंभीर आहे. 14 जून 2017 रोजी लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवर या 24 मजली इमारतीला आग लागली आणि 72 माणसे गेली. एका स्वयंपाकघरातली आग इमारतभर पसरली त्याचे प्रमुख कारण पॉलिथिनच्या गाभ्याची बाह्य पॅनेले होती, असे अधिकृत चौकशीत निष्पन्न झाले. ती पॅनेले मूळ इमारतीला नव्हतीच. जुन्या इमारतीचे रूप आणि ऊब सुधारावी म्हणून ती नंतर चढवली होती. पाचगणीत चोवीस मजले नाहीत, पण अरुंद रस्ते आहेत, उतारावर एकमेकांना खेटून उभी हॉटेले आहेत आणि उन्हाळ्यात वणवे पेटणारे गवताळ डोंगर आहेत.

पीव्हीसीचे पट्टे अमेरिकेतून आलेली कल्पना. न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबांची घरे पाहिली असतील त्यांना हे पट्टे ओळखीचे वाटतील. तिथे घराचा सांगाडा लाकडी असतो आणि लाकडाला झाकणे भाग असते. आपल्या वीट-दगडाच्या भिंतीला ती गरज मुळातच नाही. शिवाय पीव्हीसी जळले तर हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर निघतो आणि उघड्यावर जाळल्यास डायॉक्सिनसारखी विषे तयार होतात. डोंगरातल्या गावात निकामी प्लॅस्टिकचे शेवटी काय होते हे आपण सगळेच जाणतो: ते दरीत जाते किंवा काडी लागून जाते.

सिमेंटचा गिलावा हे सर्वांत सामान्य आवरण. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे. सुमारे 1450 अंश तापमानाला चुनखडी भाजताना इंधनाचा वायू निघतो तो वेगळा आणि खुद्द दगडातून सुटणारा वेगळा, आणि हा दुसरा भागच मोठा आहे. चुनाही भाजावाच लागतो, पण सुमारे 900 अंशांवर, आणि भिंतीवर घट्ट होताना तो सोडलेल्या वायूपैकी बराचसा हवेतून परत घेतो. शिवाय तो ओल कोंडत नाही. तेव्हा चुना सिमेंटपेक्षा सौम्य आहे, निष्पाप नाही.

राहिला ॲस्बेस्टॉसचा पत्रा, म्हणजे आपण ज्याला सरळ ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणतो तो. छपराला लावता लावता तो स्वस्त म्हणून पश्चिमेच्या भिंतीलाही ठोकला जातो. ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगकारक आहेत असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. साठाहून अधिक देशांनी त्यावर बंदी घातली आहे, आपल्याकडे तो अजून विकला जातो. जागेवर शाबूत असलेला पत्रा त्या मानाने कमी धोक्याचा. तो फोडला, कापला, भोके पाडली की तंतू हवेत उडतात. म्हणून जुना पत्रा काढताना तो ओला करून, अख्खा, न तोडता उतरवावा, ही साधी गोष्ट प्रत्येक गवंड्यापर्यंत आणि बिगाऱ्यापर्यंत पोचली पाहिजे. तोडफोडीच्या जागी उभा असतो तो मजूर, मालक नव्हे.

हा हिशोब वाचून कोणीही म्हणेल, मग जांभाच बरा. आपला दगड, भाजावा लागत नाही, शतकभर टिकतो, तुटला तर पुन्हा वापरता येतो. भावना मला समजते आणि दगडाचे हे सगळे गुण खरे आहेत. पण इथेच थांबलो तर आपण एका आवडत्या चुकीत अडकू.

जांभ्याचे पठार म्हणजे दगडाचे कोठार नव्हे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर साचून जो दख्खनचा कातळ तयार झाला, त्याचा माथा ऊन-पावसात झिजत, धुपत, लोहाने लाल होत जांभा बनला. त्याच्यावर माती बोटभर, काही ठिकाणी तीही नाही. पण पावसाळ्यात त्या बोटभर मातीत आणि कातळातल्या उथळ पाण्यात अशा वनस्पती येतात ज्या दुसरीकडे तगत नाहीत. सातारा जिल्ह्यातलेच कास पठार याच गुणासाठी 2012 साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात समाविष्ट झाले. आणि सप्टेंबर 2025 मध्ये पाचगणी-महाबळेश्वरचा दख्खनी कातळ युनेस्कोच्या संभाव्य यादीत भारताच्या बाजूने नोंदला गेला. ज्या कातळाला जगाचा वारसा म्हणायचे तोच कापून भिंतीला लावायचा, हे दोन्ही एकाच वेळी चालणार नाही. 17 जानेवारी 2001 च्या अधिसूचनेने महाबळेश्वर-पाचगणी हा पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील प्रदेश ठरला तेव्हापासून इथल्या खाणकामावर कडक बंधने आहेत. तेव्हा आज पाचगणीत नवा जांभा हवा तर तो कोकणातल्या चिरेखाणींतून ट्रकने घाट चढून येणार. म्हणजे आपला सडा वाचवून दुसऱ्याचा सडा उकरायचा.

त्यातही आज लावला जातो तो बहुधा चिरा नव्हेच. वीट-सिमेंटच्या भिंतीवर रासायनिक गोंदाने चिकटवलेली जांभ्याची पातळ टाइल असते. खऱ्या चिऱ्याची भिंत पाडली तर चिरा सुटा होतो आणि दुसऱ्या भिंतीत जातो. चिकटवलेली टाइल काढताना फुटते आणि राडारोड्यात जाते. खाणीची हानी दगडाची, भट्टीची हानी सिमेंटची आणि आयुष्य रंगाचे. तीनही तोटे एकत्र करणारे हे आवरण ‘हेरिटेज लुक’ या नावाने खपते, याचे मला फार वाईट वाटते.

मग उरते काय? माझे उत्तर: आवरणाची गरजच कमी करणे. या उत्तराला केवळ परंपरेचा आधार नाही. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर व्हँकूव्हर शहरात पाऊस भरपूर आणि हवा दमट. तिथे 1980 आणि 90 च्या दशकांत कोरड्या, उन्हाळी प्रदेशांतल्या घाटणीच्या इमारती बांधण्याची लाट आली. सपाट माथा, वळचण नाही, बाहेरून घट्ट गिलावा. काही वर्षांतच हजारो घरांच्या भिंती आतून कुजू लागल्या. लोकांची आयुष्यभराची बचत दुरुस्तीत गेली आणि 1998 साली सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. त्याआधी 1996 मध्ये झालेल्या तांत्रिक पाहणीने एक साधी गोष्ट पुढे आणली होती. वळचण जितकी रुंद तितके भिंतीतले दोष कमी. वळचण अजिबात नसलेल्या भिंतींपैकी बहुतेकींमध्ये दोष होते. साठ सेंटिमीटरहून रुंद वळचण असलेल्या भिंतींत ते प्रमाण बरेच खाली आले होते. बाहेरचा थर कोणत्या जातीचा आहे याच्याआधी त्या थरावर पाऊस पडतो की नाही हे महत्त्वाचे, हे त्या शहराने फार मोठी किंमत देऊन शिकून घेतले.

आपल्याला ते शिकायला कॅनडापर्यंत जाण्याची गरज नाही. पसरणीचा घाट उतरले की वाईजवळ मेणवलीत नाना फडणवीसांचा अठराव्या शतकातला वाडा आहे, दगडाचा पाया आणि चुन्याचे काम असलेला. दूर वर्ध्याजवळ सेवाग्रामला बापू कुटी आहे, मातीच्या भिंती आणि खाली झुकलेल्या कौलारू छपराची. 1944 च्या जुलैमध्ये, तुरुंगातून सुटल्यावर, गांधीजी पाचगणीत विश्रांतीला राहिले होते. पाचगणीचा पाऊस त्यांच्या कुटीला झेपला असता की नाही हा वेगळा प्रश्न. पण तिची मातीची भिंत आजही उभी आहे ती छपरामुळे आणि दरवर्षी होणाऱ्या डागडुजीमुळे, हे मात्र कोणालाही पाहता येते.

आता या म्हणण्यावर जे आक्षेप येतात त्यांना सामोरे जायला हवे, कारण ते किरकोळ नाहीत.

पहिला आक्षेप झडीचा. जोराच्या वाऱ्यात पाऊस पंचेचाळीस अंशांनी तिरपा आला तर एक मीटरची वळचण भिंतीचा फक्त वरचा एक मीटर झाकते. हे भूमितीने खरे आहे. दोन मजली भिंतीला माथ्यावरची एकच वळचण पुरणार नाही. म्हणून प्रत्येक मजल्याला आपला छज्जा हवा, पश्चिमेच्या बाजूला व्हरांडा किंवा जिना-कोठीसारख्या कमी वापराच्या जागा हव्यात, जोते उंच हवे आणि त्या एकाच बाजूला पावसाळ्यापुरत्या झडी हव्यात. चारही भिंतींना बारा महिने प्लॅस्टिक चढवण्यापेक्षा एका भिंतीला चार महिने गवत चढवणे केव्हाही शहाणपणाचे. आज गवताच्या झडींची जागा प्लॅस्टिकच्या कागदाने घेतली आहे. वाऱ्याने तो फाटतो, चिंध्या झाडांना आणि कुंपणांना लटकतात, पुढच्या वर्षी नवा कागद येतो. गवत कापायला माणूस मिळत नाही, ही खरी अडचण आहे. तिच्यावर उपाय मजुरीचा आहे. ज्या हॉटेलला एका मोसमात पॅनेल लावायला लाखो रुपये सापडतात, त्याला झडी विणणाऱ्याला नीट मजुरी देणे जड जाऊ नये. आणि गवताला आग लागते म्हणून ते चुलीच्या, विजेच्या तारांच्या जवळ बांधू नये, पाऊस सरताच उतरवावे, हेही तितकेच पाळले पाहिजे.

दुसरा आक्षेप वाऱ्याचा. वळचण लांब केली की वादळात वारा खालून छप्पर उचलतो. जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात कोकणातली हजारो छपरे उडाली तेव्हा हे सगळ्यांनी पाहिले. पण त्यावरचा उपाय वळचण कापणे हा नाही. वासे भिंतीला, भिंत पायाला नीट बांधून घेणे हा आहे. पोलादी पट्ट्या आणि बोल्ट यांचा खर्च पॅनेलच्या खर्चापुढे नगण्य असतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शेणामातीचे गिलावे, दरवर्षीची सारवण हे सगळे कोणी केले? बायकांनी. ‘कमी कार्बनचे घर’ म्हणून आज ज्याचे कौतुक होते ते पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या कंबरेवर उभे होते. गोडवली किंवा खिंगरमधल्या एखाद्या बाईने सरकारी घरकुलात सिमेंटची भिंत बांधून घेतली आणि सारवणीतून सुटका करून घेतली, तर तिला पर्यावरणाचा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नाही, मला तर मुळीच नाही. म्हणूनच मी माती-शेणाकडे परत जा असे म्हणत नाही. वळचण ही परत जाण्याची गोष्ट नव्हे. ती सिमेंटच्या घरालाही लागते, किंबहुना तिथे ती घरातल्या बाईचे काम कमी करते, कारण कोरडी भिंत बुरशी धरत नाही आणि वर्षाआड रंग मागत नाही. आणि बोजाच्या हिशोबात दोन खोल्यांचे घरकुल आणि पन्नास खोल्यांचे हॉटेल एका तागडीत घालू नयेत. नियमांचा काच आधी हॉटेलांना, बंगल्यांच्या प्रकल्पांना आणि वर्षातले पंधरा दिवस वापरल्या जाणाऱ्या दुसऱ्या घरांना लागला पाहिजे.

चौथा आक्षेप धंद्याचा. पाहुण्याला ‘व्हॅली व्ह्यू’ हवा, म्हणून काच हवी, झुकलेले छप्पर नको. दरी मात्र व्हरांड्यातून काचेमागून दिसते त्याहून चांगली दिसते. काचेच्या भिंतीमागे बसलेल्या पाहुण्याला दुपारी वातानुकूलन लागते. ज्या गावात माणसे थंड हवेसाठी येतात तिथे खोली थंड करायला यंत्र लावावे लागणे, यापरता बांधकामाचा पराभव दुसरा नाही.

आता करायचे काय, ते नेमके सांगतो.

2020 साली राज्याने बहुतेक शहरांसाठी एकच एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली आणली. गिरिस्थान नगरपरिषदा आणि केंद्राने जाहीर केलेली संवेदनशील क्षेत्रे तिच्यातून वगळली आहेत. पाचगणीचा डोंगर वेगळा आहे हे शासनाने मान्य केले आहे, तेव्हा त्याच्या भिंतींचे नियमही वेगळे असायला हरकत नाही. पहिला नियम वळचणीचा असावा. उतरत्या छपराची एक मीटरपर्यंतची वळचण आणि मजल्यागणिक छज्जा चटई क्षेत्रात धरू नये, आणि त्यांच्याशिवाय नव्या इमारतीला परवानगीच देऊ नये. इंच इंच जागा मोजून विकणाऱ्या बिल्डरला वळचण म्हणजे वाया गेलेली जागा वाटते. ती वाया गेलेली वाटू नये याची सोय नियमानेच करायला हवी.

दुसरा नियम नकाशाचा. परवानगीच्या अर्जात इमारत बाहेरून कशी दिसेल याचे चित्र असते. त्याच्याबरोबर भिंतीचा छेद मागावा. बाहेरचा थर कशाचा, तो कसा बसवला, किती वर्षांनी बदलावा लागेल आणि बदलल्यावर कुठे जाईल, हे चार ओळींत लिहून घ्यावे. उत्तर लिहिताना अनेकांचा विचार तिथेच बदलेल.

तिसरा, मनाईचा. पॉलिथिन गाभ्याची पॅनेले, पीव्हीसीचे बाह्य पट्टे आणि ॲस्बेस्टॉसचे नवे पत्रे संवेदनशील क्षेत्रात वापरू देऊ नयेत. चौथा, पाडकामाचा. जुनी इमारत उतरवताना निघणारा चिरा, कौल आणि लाकूड मोजून, नोंदवून गावातच पुन्हा वापरात आणावे. नवा सडा न खणता जांभा मिळण्याचा हा एकमेव प्रामाणिक मार्ग आहे. 2016 पासून बांधकामाच्या राडारोड्यासाठी देशात स्वतंत्र नियम आहेत. त्यांचा उपयोग दरीत पडणारा ढीग थांबवण्यासाठी झाला पाहिजे. आणि पाचवा, दुरुस्तीचा. जुनी भिंत दुरुस्त करण्याची परवानगी ती पाडून नवी बांधण्याच्या परवानगीपेक्षा लवकर आणि स्वस्तात मिळाली पाहिजे. उलट होत असेल तर नियमच पाडकामाला आमंत्रण देतो.

ही नगरपरिषद हे करू शकते, असे मला मनापासून वाटते. या गावाने आपल्या जुन्या कचरा डेपोच्या जागी ‘स्वच्छ भारत पॉइंट’ उभा करून दाखवला आहे. कचरा साचल्यावर उचलणे ज्यांना जमले त्यांना तो भिंतीवर चढण्याआधी अडवणेही जमेल.

आणि सुरुवात कोणी करायची? माझ्या मते शाळांनी. सेंट पीटर्स, किमिन्स, संजीवन अशा निवासी शाळांनी पाचगणीला नाव दिले. मोठ्या आवारांत, उतरत्या छपरांखाली हजारो मुले इथे वाढली. शाळांना पाहुण्यांपुढे मिरवायचे नसते आणि त्यांना पुढच्या पन्नास वर्षांचा विचार करावाच लागतो, त्यामुळे त्यांचा हिशोब हॉटेलापेक्षा लांब पल्ल्याचा असतो. त्यांनी आपल्या जुन्या इमारतींच्या डागडुजीसाठी चुन्याचे काम जाणणारे गवंडी बोलवावे, आजूबाजूच्या गावांतली चार मुले त्यांच्या हाताखाली तयार करावी आणि नवी इमारत बांधताना वळचण सोडू नये. एका गवंड्याला वर्षभर काम मिळाले की कला टिकते. कला टिकली की ती हॉटेलांना आणि घरकुलांनाही उपलब्ध होते.

पाचगणीत नवे घर बांधणाऱ्या प्रत्येकाला माझी एकच विनंती आहे. कोणता रंग, कोणता दगड, कोणते पॅनेल, हे ठरवण्याआधी वास्तुरचनाकाराला विचारा की माझ्या भिंतीवर पाऊस पडणार आहे का. ‘पडणार’ असे उत्तर आले तर आवरणाचा नमुना परत करा आणि छप्पर बदलून मागा. त्यानंतरही भिंतीला काही लावावे लागेलच, पण ते थोडे असेल, साधे असेल आणि या डोंगराला त्याचे ओझे होणार नाही.